काम नित्याचें, कामगार नैमित्तिक

खनिज तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतील कामगारांविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गाचें एक ठाम मत होऊन बसलें आहे. तें असें कीं, या लोकांचीं पोटें भरलेलीं आहेत. यांना पगार भरपूर, भत्ते भरपूर, राहावयास वसाहती. आणि एवढें असूनहि हे संपाची भाषा बोलतात, तेव्हां हा निव्वळ कृतघ्नपणाच होय. एस्सोचा मुंबईचा कारखाना १९७४ सालीं व बर्मा-शेलचा १९७६ सालीं सरकारच्या मालकीचा झाल्यापासून तर या मताला देशहिताचाहि मुलामा चढला आहे. हें मत अर्धवट माहितीवर उभें आहे व त्याचा परिणाम अन्यायास पाठीशीं घालण्यांत होतो, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, ज्याच्या पगाराचा हेवा केला जातो तो कामगार कारखान्यांतील सर्व कामगारांचा प्रतिनिधि नव्हे. त्याच दरवाज्यानें रोज सकाळीं दुसरीहि एक रांग आंत जात असते. टाक्यांच्या तळाशीं सांचलेला गाळ उपसणारे, नळ्यांचे जुडगे धुणारे, उंच पहाड बांधणारे, जोडकाम करणारे, आवार झाडणारे हे लोक होत. ते काम कारखान्याचें करतात, पण चाकर कंत्राटदाराचे असतात. कंत्राट बदललें कीं त्यांची नोकरीहि नव्यानें सुरू होते; एकाच यंत्राशेजारीं अनेक वर्षें घालविलेला माणूस कागदोपत्रीं कायमचा नवखाच राहतो.

यावर कोणी म्हणेल, हीं किरकोळ कामें आहेत. तेल शुद्ध करण्याशीं त्यांचा संबंध काय? असें म्हणणाऱ्यानें या धंद्याचें स्वरूप ध्यानांत घ्यावें. येथें भट्टींत तापविलेलें कच्चें तेल मनोऱ्यांत सोडून त्याचे निरनिराळे अंश वेगळे करण्याची क्रिया रात्रंदिवस चालू असते. नळ्यांवर कीट चढलें कीं उष्णता वाया जाते. टाकींत गाळ सांचला कीं तिची जागा अडते. आणि त्या गाळांत विषारी व ज्वालाग्राही वायु दडलेले असतात. अशा ठिकाणीं साफसफाई ही शोभेची बाब नसून उत्पादनाचें व सुरक्षिततेचें अंगच होय.

आणि हें आमच्या पदरचें मत नव्हे. ट्रॉम्बे येथें स्टॅनव्हॅक कंपनीचा कारखाना १९५४ सालीं सुरू झाला. तेथें यंत्रें व आवार साफ करण्याचें काम कंत्राटदारामार्फत चाले. ही पद्धति बंद करावी असा वाद कारखान्याच्या कायम कामगारांनीं उभा केला. न्यायाधिकरणानें तो मान्य केला. आणि कंपनीचें अपील १९६० सालीं सर्वोच्च न्यायालयानें फेटाळलें. हें काम धंद्याला आवश्यक आहे, तें रोजचें व बारमाही आहे, पूर्ण वेळ माणसें गुंतवावींत इतकें तें पुरेसें आहे, आणि इतर बहुतेक ठिकाणीं तें कायम नोकरच करतात, हीं त्या निर्णयामागील कारणें होतीं. पुढें १९७० सालच्या कंत्राटी कामगार कायद्याच्या दहाव्या कलमांत याच कसोट्या उतरल्या. म्हणजे या देशांतील कंत्राटी कामगाराच्या हक्काचा उगम मुंबईच्या एका तेल कारखान्यांतील झाडलोटीच्या वादांत आहे.

त्या वादांतील एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. कायम कामगारांनीं स्वतःच्या पगारासाठीं नव्हे, तर शेजारी राबणाऱ्या परक्या माणसासाठीं भांडण काढलें, आणि त्यांत त्यांचाहि हितसंबंध आहे असें न्यायालयानें मानलें. आजच्या किती संघटना असा वाद उभा करतील? आपला करार पदरांत पडला कीं दुसऱ्या रांगेकडे पाठ फिरवावयाची, ही वृत्ति मालकाच्या कारस्थानाहून कमी घातक नाहीं.

पुढचा इतिहास मात्र उतरणीचा आहे. कंत्राटी पद्धति सरकारनें बंद केली, तरी त्या कामगारांना आपोआप कायम नोकरी मिळत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यांत दिला. कंत्राट केवळ दिखाऊ असल्यास दाद मिळेल, व कायम भरती झाल्यास जुन्या माणसांना अग्रक्रम मिळेल, एवढी वाट मोकळी राहिली. परंतु व्यवहारांत याचा अर्थ असा झाला कीं, ज्यानें न्याय मागावा त्यानें प्रथम आपली भाकर पणास लावावी.

त्यानंतर २०२० सालची संहिता आली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलांत आली. ती ‘मुख्य’ कामांत कंत्राटी माणूस नको म्हणते खरें. परंतु झाडलोट व सफाई, पहारा, चढउतार हीं कामें, कारखाना त्यांसाठींच काढलेला नसेल तर, ‘मुख्य’ नव्हेत असें तीच सांगते. शिवाय मुख्य कामहि सामान्यतः कंत्राटदाराकडून करून घेण्याचा प्रघात असेल, तर तेथेंहि मुभा! १९६० सालीं न्यायालयानें विचारलें होतें कीं, हें काम सामान्यतः कायम नोकर करतात काय? आतां कायदा विचारतो, तें सामान्यतः कंत्राटदार करतो काय? म्हणजे अन्याय पुरेसा जुना झाला कीं तोच आपलें समर्थन ठरतो. पूर्वीं वीस कामगारांपासून लागू होणारें संरक्षण आतां पन्नासांपासून लागू होतें, तें निराळेंच.

पूर्वपक्षाचे दोन आक्षेप मात्र विचारार्ह आहेत. पहिला असा कीं, कांहीं वर्षांनीं कारखान्याचा विभाग बंद करून दुरुस्ती करतात, तेव्हां शेंकडों माणसें थोड्या दिवसांपुरतीं लागतात; तीं कायम कशीं ठेवावींत? तीं ठेवावींत असें आम्ही म्हणत नाहीं. नैमित्तिक कामाला नैमित्तिक माणूस ठीक आहे. पण नित्याच्या कामाला नैमित्तिक माणूस हा अर्धजरतीय न्याय झाला. कोंबडीचा अर्धा भाग शिजवावयाचा आणि अर्धा अंडीं घालण्यास ठेवावयाचा, तशांतलाच हा प्रकार!

दुसरा आक्षेप खर्चाचा. या धंद्यांत खर्चाचा सर्वांत मोठा वांटा कच्च्या तेलाचा असतो; तेव्हां झाडूवाल्याच्या रजेंत काटकसर करून कोणता कुबेर होणार? उलट काटकसरीची किंमत काय पडते तें अमेरिकेंतील टेक्सास सिटी येथें दिसलें. २३ मार्च २००५ रोजीं तेथील ब्रिटिश पेट्रोलियमच्या कारखान्यांत, बंद असलेला एक मनोरा पुन्हां चालू करतांना तो प्रमाणाबाहेर भरला, ज्वालाग्राही वाफ बाहेर पडली व स्फोट झाला. मेलेले १५ जण सर्वच्या सर्व कंत्राटदारांचीं माणसें होतीं; जवळच मांडलेल्या तात्पुरत्या खोल्यांत त्यांना बसविलें होतें. मनोरा चालविणारे कांहीं कामगार २९ वा अधिक दिवस एकहि सुट्टी न घेतां रोज बारा तास राबत होते. सरकारी चौकशीच्या २००७ च्या अहवालानें खर्चकपातीच्या धोरणावर उघड ठपका ठेवला. अपघाताला माणसाचा बिल्ला वाचतां येत नाहीं हें खरें; पण बिल्ला पाहून माणसाला कोठें बसवावयाचें तें व्यवस्थापन ठरवितें.

आतां आमच्या वाचकवर्गाकडे वळूं. जानेवारी २००९ मध्यें सरकारी तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनीं पगारासाठीं संप केला व ठिकठिकाणचे पेट्रोलपंप कोरडे पडले. त्या वेळीं आम्हां मध्यमवर्गीयांना तेल धंद्यांतील श्रमसंबंधांची आठवण झाली. ज्यांच्या हातांत नळ बंद करण्याची ताकद आहे त्यांचें गाऱ्हाणें ऐकूं येतें. ज्यांना उद्यां दरवाज्यांतच अडवितां येतें त्यांचें ऐकूं येत नाहीं. कंत्राटी पद्धतीचा खरा फायदा पैशांत नसून या मौनांत आहे.

तेव्हां आमची मागणी सरळ आहे. कोणतेंहि काम नित्याचें आहे कीं नैमित्तिक, हें सरकारी कारखान्यांनीं तरी १९६० च्या कसोट्या लावून ठरवावें व जाहीर करावें. नित्याचें ठरेल तेथें तें करणाऱ्यालाच कायम करावें. आणि तोंवर सारख्या कामाला सारखें वेतन व सारखी सुरक्षा द्यावी. यांत क्रांति नाहीं. साधा हिशेब आहे.

हा प्रश्न माहूलच्या कुंपणाआड राहील अशा भ्रमांत मात्र कोणी राहूं नये. आमच्या महाविद्यालयांतून पदवीधर अध्यापक तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षें शिकवीत आहेत. शिकविणें हें तर महाविद्यालयाचें मुख्य काम! झाडणाऱ्याचें काम गौण ठरलें तेव्हां ज्यांनीं मान डोलावली, त्यांच्या मुलांचें काम आज नैमित्तिक ठरत आहे. शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग ही केवळ शेजाऱ्याची बाब नव्हे, हें निदान तेलाच्या कारखान्याविषयीं बोलतांना तरी वेगळें सांगावें लागूं नये.