हात केव्हा आवरावा?

ताओवाद म्हणजे ‘काही करू नका, स्वस्थ बसा’ असे सांगणारे एक आळशी तत्त्वज्ञान, असा समज सुशिक्षित मंडळींतही आढळतो. आम्हा डॉक्टरांना तर ते ऐकूनच हसू येते. रात्री दोन वाजता झटके येत असलेले मूल घेऊन आईवडील दारात उभे राहिले, तर त्यांच्यापुढे स्वस्थ बसणारा वैद्य कोणत्या कामाचा? आक्षेप रास्त आहे. तरीही बालरोगतज्ज्ञ म्हणून पंचविसाहून अधिक वर्षे काम केल्यावर माझे असे मत झाले आहे, की उपाय थोडे होते त्या काळापेक्षा उपायांची रेलचेल असलेल्या आजच्या काळात डॉक्टरांना, आणि आईवडिलांनाही, या जुन्या चिनी विचाराची गरज अधिक आहे. मात्र त्यासाठी तो विचार मुळात काय आहे, हे नीट पाहिले पाहिजे.

या परंपरेचे मूळ ग्रंथ दोन. पहिला ‘ताओ ते चिंग’. सुमारे पाच हजार चिनी अक्षरांचा आणि ८१ लहान प्रकरणांचा हा ग्रंथ परंपरेने लाओत्से या चौ दरबारातील दप्तरपालाच्या नावावर आहे. हा लाओत्से नेमका कोण, याची खात्री चीनचा आद्य इतिहासकार स-मा छ्यान यालाही नव्हती. ग्रंथ मात्र जुना खरा. १९७३ साली छांगशा शहराजवळ मावांगत्वेई येथील थडग्यात त्याच्या रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती मिळाल्या. ते थडगे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेले होते. १९९३ साली क्वोत्यान येथे बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला काही भाग हाती आला, तो त्याहूनही शंभरएक वर्षे आधीचा. दुसरा ग्रंथ ‘च्वांगत्से’, इ.स.पू. चौथ्या शतकातील त्याच नावाच्या तत्त्वज्ञाचा. हा गोष्टींचा ग्रंथ आहे, आणि मला व्यक्तिशः तो अधिक जवळचा वाटतो. हे ग्रंथ घडले तो काळ चीनमध्ये राज्याराज्यांतील अखंड युद्धांचा होता. प्रत्येक दरबारात सल्लागारांची गर्दी आणि प्रत्येकाच्या झोळीत एखादी नवी सुधारणा! त्या गजबजाटात या मंडळींनी शंका काढली, की ही सगळी उठाठेव हेच दुखण्याचे कारण नसेल कशावरून?

आपल्या वाचकांना एक धागा ओळखीचा वाटेल. दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा ह्युएनत्संग मायदेशी परतल्यावर, ६४७ साली, ‘ताओ ते चिंग’च्या संस्कृत भाषांतराचे काम तांग सम्राटाने त्याच्याकडे सोपविले. कामरूपाच्या राजाने तो ग्रंथ मागविला होता. ‘ताओ’ला संस्कृत प्रतिशब्द कोणता, यावर ताओपंथी पंडितांशी त्याचा चांगलाच वाद झाला. त्यांना ‘बोधि’ हवा होता. ह्युएनत्संगने ‘मार्ग’ हाच शब्द धरून ठेवला. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. पण शब्दाची निवड मला अचूक वाटते. ताओ ही कुणाला होणारी ज्ञानप्राप्ती नव्हे. पाणी जशी आपली वाट काढते, तशी वस्तूंची आपापली चालण्याची वाट, असा त्याचा भाव आहे.

या वाटेत आडवे न येण्याला ‘वू-वेई’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘न करणे’. हे वाचताच गीतेच्या चौथ्या अध्यायातील अकर्म आठवते, आणि विनोबांची ‘गीता प्रवचने’ वाचलेल्यांना तर त्यांचे कर्म-विकर्म-अकर्माचे विवेचनही आठवेल. साम्य आहे, परंतु ते फार ताणू नये. गीतेचे लक्ष कर्त्याकडे आहे. त्याने फलाची आसक्ती आणि कर्तेपणाचा अहंकार सोडावा, कर्म सोडू नये. ताओवाद्याचे लक्ष समोरच्या वस्तूकडे आहे. तिची घडण कशी, तिचे सांधे कुठे, ती आपण होऊन कोणत्या दिशेने चालली आहे, हे तो आधी पाहतो. कर्ता कितीही निरहंकारी असला तरी चुकीच्या जागी चालविलेली सुरी हाडावरच आदळते!

सुरीचा दृष्टान्त माझा नव्हे, च्वांगत्सेचा. तिंग नावाचा एक बल्लव राजासमोर बैल कापतो आहे. साधारण कसायाची सुरी महिन्यात बोथट होते, चांगल्याची वर्षात. तिंगची सुरी एकोणीस वर्षे आणि हजारो बैल होऊनही कालच धार लावल्यासारखी आहे. कारण तो हाडे तोडत नाही, सांध्यांतील मोकळ्या जागेतून सुरी नेतो. ही गोष्ट सांगताना पुष्कळदा तिचा महत्त्वाचा भाग गाळला जातो. जिथे स्नायुबंधांची गुंतागुंत लागते तिथे तिंग थबकतो, नजर रोखतो, हात अगदी मंद करतो. म्हणजे वू-वेईत काम आहेच. फक्त ते पाहण्यानंतर येते. आपल्यातील सर्जन मित्रांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

माझ्या विषयात याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे ऑक्सिजन. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना इन्क्युबेटरमध्ये मुक्तहस्ते ऑक्सिजन दिला जाऊ लागला. हेतू शुद्ध होता. १९४२ साली बोस्टनचे डॉ. टेरी यांनी अशा मुलांच्या डोळ्यांतील एका नव्या विकाराचे वर्णन केले. डोळ्याच्या भिंगामागे पांढरट पडदा आणि कायमचे अंधत्व. सुमारे दहा हजार मुले दृष्टी गमावून बसली, आणि त्यांतील पुष्कळशी उत्तम साधनसामग्री असलेल्या रुग्णालयांतील होती. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखविले, आणि १९५३-५४ च्या अमेरिकेतील संयुक्त अभ्यासाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

इथवरची कथा ताओवाद्यांच्या सोयीची आहे. पुढची नाही. धडा घेतलेल्या वैद्यकाने ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन देऊ नये असा दंडक घालून घेतला, आणि अंधत्व घटले तसे मृत्यू वाढले. १९७३ साली डॉ. केनेथ क्रॉस यांनी मांडलेला हिशेब असा, की वाचविलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे सोळा अर्भकांचे प्राण गेले. २०१० नंतरच्या मोठ्या चाचण्यांतही रक्तातील ऑक्सिजनची पातळी खालच्या मर्यादेत राखल्यास नेत्रविकार कमी, पण मृत्यू अधिक, असेच आढळले. तात्पर्य ‘कमी करा’ हेही नव्हते. न पाहता घातलेले बंधन हीसुद्धा ढवळाढवळच. पल्स ऑक्सिमीटर आल्यावर अर्भकाच्या गरजेकडे क्षणोक्षणी पाहणे शक्य झाले, आणि आज एनआयसीयूतील परिचारिका त्या आकड्याकडे डोळा ठेवून ऑक्सिजन थोडा वर, थोडा खाली करीत असते. ती तिंगच्या पंथातली आहे, असे मी मानतो. जन्मतः न रडणाऱ्या पूर्ण दिवसांच्या बाळाला शंभर टक्के ऑक्सिजनऐवजी साध्या हवेनेच श्वास देण्याचा विचार पुढे आला, त्यात दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी यांच्या १९९३ च्या अभ्यासाचा मोठा वाटा होता. २०१० च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत तो मान्य झाला.

कांगारू पद्धतीचीही हीच गोष्ट. १९७८ साली बोगोटात इन्क्युबेटर अपुरे म्हणून बाळ आईच्या छातीशी बांधले गेले. २०२१ साली भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीत जन्मानंतर लगेच असे केल्याने कमी वजनाच्या अर्भकांचे पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आई ही काही यंत्र परवडत नाही म्हणून वापरायची वस्तू नव्हे, हे कळायला आपल्याला चार दशके लागली.

आता थोडे अप्रिय बोलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (२०१९-२१) आकड्यांनुसार देशातील खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. आपल्या तेलंगणात सर्व प्रसूतींपैकी ६०.७ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक. यांतील कित्येक शस्त्रक्रिया माता आणि बाळ यांचा जीव वाचविणाऱ्या असतील, यात शंका नाही. पण साठ टक्के स्त्रियांची शरीरे प्रसूतीला अपात्र झाली, हे मला पटत नाही. पंचांगातला मुहूर्त, वेदनांची भीती, कोर्टकचेरीची भीती, डॉक्टरचे वेळापत्रक आणि रुग्णालयाचा हिशेब, सगळे एकाच बाजूला ओढतात. साध्या सर्दीत प्रतिजैविके का दिली जातात, याचेही उत्तर तेच. २००४ साली अमेरिकेतील बालरोग अकादमीने दोन वर्षांवरील सौम्य कानदुखीच्या मुलांत ४८ ते ७२ तास लक्ष ठेवून थांबण्याची मुभा दिली. या सूचनेतील ‘थांबणे’ सर्वांना दिसते. ‘लक्ष ठेवून’ हे शब्द कुणी वाचत नाही. धोक्याची लक्षणे समजावून सांगणे, फोन घेणे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासणे, हाच तो उपचार. त्याला पंधरा मिनिटे लागतात, औषधाची चिठ्ठी एका मिनिटात होते. बिलात तपासण्यांना ओळ असते, इंजेक्शनला असते. विचारपूर्वक न केलेल्या गोष्टीला ओळ नसते. महिन्याच्या आकड्यांच्या बैठकीला बसणाऱ्या आपल्या तरुण सहकाऱ्यांना वू-वेई सांगण्यापूर्वी ही अडचण आपण मान्य केली पाहिजे.

पालकांबाबत च्वांगत्सेने जणू लिहूनच ठेवले आहे. लू राज्याच्या वेशीबाहेर एक समुद्रपक्षी उतरतो. राजा हर्षभरित होऊन त्याला मंदिरात आणवितो, मद्य पाजतो, मेजवानीचे मांस पुढे ठेवतो, दरबारी संगीत ऐकवितो. पक्षी भेदरून तीन दिवसांत मरतो. राजाचे प्रेम खोटे नव्हते. त्याने पक्ष्याला आपल्या आवडीने वाढविले, पक्ष्याच्या नव्हे. सहावीपासून आयआयटीच्या शिकवणीला घातलेली, पोटदुखीची तक्रार घेऊन येणारी आणि सोनोग्राफीत काहीच न सापडणारी मुले पाहिली की मला तो पक्षी आठवतो. त्याच ग्रंथात बदकाचे आखूड आणि करकोच्याचे लांब पाय येतात: एकाचे ताणू नयेत, दुसऱ्याचे छाटू नयेत. उंचीचा आलेख व्यवस्थित आपल्या रेषेने चाललेल्या मुलासाठी ‘वाढीचे टॉनिक’ मागणाऱ्या पालकांना मी हे सांगतो. काहींना पटते. बाकीचे दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. असो.

लाओत्सेने मोठ्या राज्याच्या कारभाराला लहान मासे शिजविण्याची उपमा दिली आहे. तव्यावर मांदेली वारंवार परतली तर काय होते, हे कोकणी घरातल्यांना विचारावे! हा विचार चीनमध्ये काही काळ प्रत्यक्ष राबविला गेला. हान वंशाचा सम्राट वेन (इ.स.पू. १८० ते १५७) आणि त्याचा मुलगा चिंग यांच्या कारकिर्दीत दरबारावर या मताचा प्रभाव होता. जमीनमहसूल उत्पन्नाच्या तिसाव्या भागावर आला आणि दीर्घ युद्धांनी थकलेला देश सावरला. इ.स.पू. १६७ मध्ये छुनयू यी या वैद्यावर खटला झाला. त्याची मुलगी थी-यिंग हिने सम्राटाकडे अर्ज केला, की कापलेला अवयव पुन्हा येत नाही, मग सुधारू पाहणाऱ्याने काय करावे? सम्राटाने नाक-पाय कापण्याच्या शिक्षा रद्द केल्या. त्यांच्या जागी तीनशे वा पाचशे फटके आले, आणि माणसे फटक्यांनीच मरू लागली. मग चिंगने ते दोनदा कमी केले. सुधारणेवरही लक्ष ठेवून थांबावे लागते, ते असे. याच्या उलट १९५८ साली त्याच देशात धान्य खातात म्हणून चिमण्या मारण्याची मोहीम निघाली. चिमण्या गेल्या, किडी माजल्या, आणि १९६० साली चिमणीचे नाव यादीतून काढून तिथे ढेकणाचे घालावे लागले.

ताओवाद मला संपूर्ण मान्य आहे असे नव्हे. ‘ताओ ते चिंग’च्या अखेरीस एका चिमुकल्या राज्याचे चित्र आहे, साधने असून लोक ती वापरीत नाहीत, शेजारच्या गावच्या कोंबड्याची आरव ऐकू येते, पण कुणी तिकडे जात नाही. अशा गावात लस पोहोचत नाही. १९९० साली आपल्या देशात हजारी ८० अर्भके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० मध्ये हा आकडा २८ होता. ही घट काही निसर्गाने आपण होऊन केलेली नाही. लसी, ओआरएस, प्रशिक्षित हात आणि चोवीस तास जागे असलेले विभाग यांनी ती घडविली. घटसर्प झालेल्या मुलापुढे निसर्गाचे गोडवे गाणे हे क्रौर्य आहे, आणि लसीकरणाला ‘अनैसर्गिक’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांना ताओचा आधार घेण्याचा अधिकार नाही. लस म्हणजे शरीराला त्याच्याच वाटेने चालू देणे; तिंगला ती आवडली असती.

आपल्या मंडळाच्या मासिक सभांत दरवेळी एखादी दुर्मिळ केस मांडली जाते, तिच्यावर केलेल्या उपचारांना टाळ्या मिळतात. माझी सूचना अशी, की वर्षातून किमान चार सभांत काय केले नाही आणि ते का केले नाही, याची एक केस मांडावी. पहिली मांडायला मी तयार आहे. पाच महिन्यांचे बाळ, ब्राँकिओलायटिस, तीन दिवस दाखल. गरजेपुरता ऑक्सिजन आणि नाकातील नळीने आईचे दूध. प्रतिजैविक नाही, स्टिरॉइड नाही, दुसऱ्यांदा एक्स-रे नाही. औषधांचा कागद अर्ध्यावर संपतो. दर दोन तासांच्या श्वासगतीच्या नोंदींची पाने मात्र नऊ आहेत, आणि त्यांतली बहुतेक परिचारिकांच्या हस्ताक्षरात आहेत. त्यांनाही त्या सभेला बोलवावे.