साथीचे रोग व विधिमंडळाचे कर्तव्य

तहान लागल्यावर विहीर खणावयास घेऊ नये, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. पाऊस पडू लागल्यावर बी शोधावयास निघणारा कुणबी कसा नागवला जातो, हे प्रत्येक गावाने पाहिले आहे. परंतु जी दक्षता आपण आपल्या शेतात बाळगतो, ती राज्यकारभारात बाळगली जाते की नाही, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. २०२० साली आलेली करोनाची साथ ओसरून आता काही वर्षे लोटली आहेत. अशा निवांत काळातच पुढील संकटाची तजवीज व्हावयास हवी, व ती करणे हे आपल्या विधिमंडळाचे पहिले कर्तव्य होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही साथ महाराष्ट्रात उतरली तेव्हा सरकारच्या हाती कोणते साधन होते, हे प्रथम पाहू. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात पहिले रोगी आढळले. १३ मार्चपासून राज्यात साथरोग कायदा लागू करण्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याखालील नियम प्रसिद्ध झाले. हा कायदा १८९७ सालचा आहे. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. तो पसरू लागला तेव्हा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हा कायदा करण्यात आला. ज्या कौन्सिलने तो केला, त्यात रयतेच्या मताने थेट निवडून आलेला एकही सभासद नव्हता. कायदा मोजक्या कलमांचा. एका कलमाने सरकारास जरूर वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार दिला. दुसऱ्याने ते न पाळणारास शिक्षा सांगितली. तिसऱ्याने सद्भावनेने काम करणाऱ्या अंमलदारावर दावा लावता येणार नाही, अशी तरतूद केली. नुकसानभरपाईचा शब्द त्यात आहे, परंतु ‘द्यावयाची असल्यास’ एवढ्याच मर्यादेने. सरकारने रयतेसाठी अमुक एक गोष्ट केलीच पाहिजे, असे त्यात एक अक्षरही नव्हते.

अशा एकतर्फी कायद्याचे फळ पुण्याने त्याच वर्षी चाखले. रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरांची झडती चालविली. माणसे उचलून नेली, सामान जाळले. त्याचा परिणाम असा झाला की लोक रोगापेक्षा झडतीसच अधिक भिऊ लागले व रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. याच साथीत पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. जेथे माया व विश्वास असेल तेथे रोगी आपण होऊन येतो, आणि जेथे केवळ धाक असेल तेथून तो पळतो, हा त्या वर्षाचा धडा. त्यानंतर सव्वाशे वर्षांत देश स्वतंत्र झाला, मतदानाचा हक्क घरोघर पोहोचला. तथापि संकट येताच आपण शोधून काढला तो तोच कायदा.

आता विधिमंडळाने काय केले ते पाहू. मार्च २०२० मधील अर्थसंकल्पी अधिवेशन साथीमुळे आटोपते घेऊन १४ मार्च रोजी संपविण्यात आले. पुढील अधिवेशन जूनमध्ये व्हावयाचे ते लांबणीवर पडले व अखेर ७ आणि ८ सप्टेंबर रोजी, केवळ दोन दिवसांचे झाले. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे, अशी राज्यघटनेची आज्ञा आहे. ती मुदत भरावयास तेव्हा आठवडाभरच उरला होता. डिसेंबरातील अधिवेशन नागपुरास न भरता मुंबईस भरले, तेही दोनच दिवस. २०२१ चे पावसाळी अधिवेशनही जुलैत दोनच दिवस चालले. ज्या काळात रयतेच्या येण्याजाण्यावर, बाजारावर, लग्नकार्यावर व अंत्यविधीवरदेखील हुकूम सुटत होते, त्या काळात ते हुकूम तपासून पाहणारी सभा वर्षातून मोजके दिवस भरावी, हे लोकसत्तेस शोभणारे नव्हे. हा दोष कोण्या एका पक्षाचा आहे, असे आमचे म्हणणे नाही. जी सत्ता सभेस विचारल्याशिवाय वापरता येते, ती तशीच वापरली जाते, हा सर्वच सरकारांचा स्वभाव आहे.

यात शेतकऱ्याचे काय गेले, असे कोणी विचारील. २४ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टाळेबंदीचा जो आदेश काढला, त्यात भाजी, दूध व चारा यांच्या दुकानांस सूट होती, परंतु शेतात राबणाऱ्या माणसाचा उल्लेख नव्हता. ती सूट २७ मार्चच्या पुरवणी आदेशाने मिळाली. तीन दिवस म्हणजे फार नव्हेत, असे कचेरीत बसणारास वाटेल. परंतु तो काळ द्राक्षांच्या तोडणीचा व गव्हाच्या कापणीचा होता, आणि वेलीवरील पिकला घड पुरवणी आदेशाची वाट पाहत थांबत नाही. पुढे मे महिन्यात नवी मुंबईच्या बाजार समितीचे आवार आठवडाभर बंद ठेवावे लागले. ऊसतोडीचे मजूर बायकामुलांसह कारखान्यांच्या आसपास खोळंबून राहिले. त्यांस आपल्या गावी जाण्याची परवानगी एप्रिलच्या मध्यानंतर मिळाली. या आदेशांमागे दुष्ट हेतू नव्हता, हे आम्ही जाणतो. उणीव होती ती एवढीच की आदेश लिहिणाऱ्याच्या शेजारी शेत जाणणारा कोणी बसलेला नव्हता. तो बसावयाचा तर सभागृहातच, कारण आपण निवडून दिलेले प्रतिनिधी तेथेच असतात.

शेतकरी बंधूंनी येथे एका गोष्टीचा विचार करावा. जनावरांच्या सांसर्गिक रोगांसाठी २००९ सालचा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. रोगाचा संशय येताच मालकाने कोणास कळवावे, गावच्या अधिकाऱ्याने पुढे कोणास लिहावे, नियंत्रित क्षेत्र कसे जाहीर करावे, हे सर्व त्यात लिहून ठेवले आहे. २०२२ साली लंपी चर्मरोग पसरला तेव्हा महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद झाले हे खरे. परंतु त्याचबरोबर मेलेल्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० व वासरामागे १६,००० रुपये मदतही ठरली. बुळकांडीचा रोग तर या देशातून समूळ गेला व २०११ साली साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. तो साथ आल्यावर धावाधाव करून गेला नाही, साथ नसतानाही वर्षानुवर्षे लस टोचून व पाळत ठेवून गेला. गोठ्यासाठी जी शिस्त आपण मान्य केली, ती माणसाच्या घरासाठी नसावी काय?

यावर एक आक्षेप घेतला जातो, व तो वजनदार आहे. साथ वाऱ्यासारखी येते; विधानसभेचे २८८ व परिषदेचे ७८ सभासद एकत्र बोलावून वादविवाद करीत बसल्यास तोवर गावेच्या गावे आजारी पडतील, असे आक्षेपकांचे म्हणणे. हे आम्हांस मान्य आहे. आग लागली असता पंचायत भरवीत नाहीत. परंतु आग विझल्यावर घागरी कोठे कमी पडल्या याचा हिशेब कोणीच घ्यावयाचा नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. हुकूम जिल्हाधिकाऱ्याने तत्काळ काढावा; तो योग्य होता की नाही, हे सभेने ठराविक मुदतीत पाहावे. सर्व सभासद जमणे धोक्याचे असेल तर सर्व पक्षांची लहान समिती बसू शकते. त्वरा व जबाबदारी यांत वैर नाही.

शिवाय सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे सोपविला आहे, व इतर प्रांतांनी हे काम करून दाखविले आहे. मद्रास इलाख्याने १९३९ सालीच सार्वजनिक आरोग्याचा सविस्तर कायदा केला. पिण्याच्या पाण्यापासून जत्रांच्या बंदोबस्तापर्यंत स्थानिक संस्थांची कर्तव्ये त्यात घातली. केरळात २०१८ साली निपाह रोगाने व नंतर करोनाने गाठले. तेथील सरकारने मार्च २०२० मध्ये साथरोगांविषयी आपला वटहुकूम काढला, पुढे त्याचा कायदा झाला, आणि २०२३ साली संपूर्ण राज्यासाठी नवा सार्वजनिक आरोग्य कायदा झाला. त्यात राज्य, जिल्हा व गाव अशा तिन्ही पायऱ्यांवर आरोग्याधिकारी नेमण्याची व्यवस्था असून माणूस, जनावर व परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार आहे. ही शेवटची गोष्ट आपणांस विशेष लागू पडते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात २०१६ साली माकडतापाने बागायतदारांस गाठले, ते काजूच्या बागांत व रानात जाण्यामुळे. रोग रानातून गोठ्यात व गोठ्यातून घरात येतो, तेव्हा वाटेत प्रथम भेटतो तो शेतकरीच.

यास्तव महाराष्ट्राच्या विधिमंडळाने शांततेच्या काळातच असा कायदा करावा, व त्यात निदान चार गोष्टी असाव्यात. पहिली, साथीच्या काळी निघालेला प्रत्येक आदेश ठराविक दिवसांत सभागृहापुढे अथवा त्याच्या समितीपुढे ठेवला जावा. न ठेवल्यास तो आपोआप रद्द व्हावा. दुसरी, सरकारास जसे अधिकार तशी कर्तव्येही लिहून द्यावीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर, औषधे व विलगीकरणाची जागा ही मेहेरबानी नसून देणे आहे, असे ठरावे. तिसरी, पेरणी, कापणी, दूध, चारा व बाजार यांस पहिल्याच आदेशात वाट असावी. आणि आदेशामुळे ज्याचा नाशवंत माल कुजला त्यास भरपाई ‘असल्यास’ नव्हे, तर हक्काने मिळावी. चौथी, गावच्या बंदोबस्तात ग्रामपंचायतीस अधिकृत स्थान असावे, म्हणजे वेशीवर काटे टाकून परगावचे आप्त अडविण्यासारखे भयभीत प्रकार होणार नाहीत.

कायदा झाला म्हणजे रोग हटला, असे आम्ही म्हणत नाही. परंतु बांध घातलेल्या शेतातील माती पहिल्या वळवात वाहून जात नाही, एवढे तरी खरे. आपले आमदार मते मागावयास येतात तेव्हा आपण रस्ता, वीज व पाणी यांविषयी विचारतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर एक प्रश्न अधिक विचारावा: पुढली साथ येईल तेव्हा आमच्यावर निघणारे हुकूम कोण तपासणार, व त्यासाठी तुम्ही सभागृहात काय केले? ग्रामसभेत या अर्थाचा ठराव करून तो आपल्या प्रतिनिधीकडे पाठविणे कोणत्याही गावास अवघड नाही. विहीर खणावयाची ती उन्हाळ्यापूर्वी, व तो काळ हाच आहे.