ओळख लागते का हो, बाई?

मुलांनो, सोलापूरचा एप्रिल काय असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळायचं नाही! सकाळची शाळा असली तरी अकराच्या सुमाराला वर्गाची फरशी तापते आणि पंखा गरम वारा खाली ढकलत राहतो. पारा ४२-४३ वर. अशा वेळी चौथीच्या मुलांना भागाकार शिकवायचा म्हणजे त्यांच्यावरही अन्याय आणि भागाकारावरही. म्हणून त्या दिवशी मी कपाटातून पृथ्वीचा गोल काढला आणि म्हटलं, "चला, आज थंड जागी जाऊन येऊ."

गोलाच्या अगदी तळाशी एक पांढरा भाग असतो. पुष्कळ गोलांवर तो स्टँडच्या स्क्रूखाली निम्मा लपलेला असतो, त्यामुळे बिचाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. हा अंटार्क्टिका खंड. भारताच्या चौपटीहून मोठा. जवळजवळ ९८ टक्के बर्फानं झाकलेला, आणि त्या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. १९८३ सालच्या जुलैत तिथल्या व्होस्तोक या सोव्हिएत केंद्रावर उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं. जमिनीवर मोजलेलं तेवढं कमी तापमान आजवर दुसरं नाही.

"बाई, मग तिथं गोळेवाला काय विकणार?" मागच्या बाकावरून आलंच. सगळे हसले. मग प्रश्नांची सरबत्ती. तिथे शाळा आहे का, रात्र किती मोठी, पेंग्विन चावतो का. आणि मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी फारशी बोलत नाही, ती उठून म्हणाली, "बाई, तिथं जायला ओळख लागतंय का हो?"

वर्ग पुन्हा हसला. ती हसली नाही. तिची आई विड्या वळते. मोठा भाऊ आयटीआय करून दोन वर्षं काम शोधतोय. 'ओळख आहे का कुणाची?' हा प्रश्न त्यांच्या घरात भाकरीइतका रोजचा असणार. मी पटकन म्हटलं, "नाही गं, हुशारी लागते." तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले.

पण घरी जाताना वाटत राहिलं, आपण फार घाईनं उत्तर दिलं. खरंच नाही लागत ओळख? नुसत्या हुशारीवर पोचतं का कुणी तिथे? मग सुट्टीत बसून वाचलं. जे सापडलं ते आज तिला आणि तुम्हा सगळ्यांना सांगते.

आपला देश तिथे पहिल्यांदा पोचला १९८२ साली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून 'पोलर सर्कल' नावाच्या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरले. म्हणजे इकडे आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याची तयारी चालली होती, तेव्हा तिकडे बर्फावर भारताचा झेंडा लागला. बर्फात राहण्याची सवय नसलेल्या देशाला ते कुणीतरी शिकवायला हवंच होतं. म्हणजे पहिल्या खेपेला आपण सगळेच नवशिके होतो.

दोन वर्षांनी, तिसऱ्या मोहिमेत, पहिल्यांदा दोन भारतीय स्त्रिया तिथे गेल्या. एक सुदीप्ता सेनगुप्ता, भूगर्भशास्त्रज्ञ, गिर्यारोहण शिकलेल्या. दुसऱ्या आपल्या मराठी, अदिती पंत. त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांच्या गोष्टीत आहे.

अदिती पंत यांचा जन्म १९४३ साली नागपूरचा. बी.एस्सी. पुणे विद्यापीठातून. त्या काळात त्यांच्या हाती एक पुस्तक आलं, अ‍ॅलिस्टर हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाचं 'द ओपन सी'. समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना धड न दिसणाऱ्या जीवांचं पुस्तक. ते वाचून त्यांनी समुद्र हाच विषय घ्यायचं ठरवलं. पुढे अमेरिकन सरकारची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून हवाई विद्यापीठात एम.एस. करता आलं. मग लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजातून समुद्री शैवालावर पीएच.डी. आता परदेशातच राहायचं की परत यायचं? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक एन. के. पणिक्कर यांची गाठ पडली आणि त्या परत आल्या. त्या संस्थेत राहून त्यांनी पश्चिम किनारा पिंजून काढला. १९८३ च्या डिसेंबरात अंटार्क्टिकाला निघाल्या तेव्हा त्यांचं वय चाळीस होतं. त्याच मोहिमेत ८१ जणांनी आठ आठवड्यांत 'दक्षिण गंगोत्री' हे आपलं पहिलं केंद्र उभारलं.

आता मोजा पाहू. एक पुस्तक. एक शिष्यवृत्ती. ऐन वेळी 'ये' म्हणणारा एक वडीलधारा माणूस. आणि काम करायला एक संस्था. यातलं एक जरी हुकलं असतं तर? हुशारी तीच असती, पण कदाचित त्या अंटार्क्टिकाला गेल्या नसत्या.

इथे एक गोष्ट लपवून ठेवायची नाही. अदिती पंत या औंध संस्थानच्या घराण्यातल्या. आजोबा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. (रथसप्तमीला आपण घालतो ना, त्यांची आठवण काढायला हरकत नाही.) वडील आप्पासाहेब पंत भारताचे राजदूत, आई डॉक्टर. घरात पुस्तकं होती, जेवताना शिक्षणाच्या गप्पा होत्या. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या घरात तसं नाही. मग तिनं काय करायचं? तिच्यासाठी ते पुस्तक, ती शिष्यवृत्ती, तो वडीलधारा माणूस कुठून यायचा? हा प्रश्न टाळून 'मनापासून प्रयत्न करा' असं सांगणं मला तरी बरं वाटत नाही.

तर आता ही सोय कशी आहे ते ऐका. पालकांनीही ऐकावं, कारण पैशाची गोष्ट आहे. विज्ञानाची पदवी आणि एम.एस्सी. झाल्यावर 'नेट'सारखी देशपातळीवरची परीक्षा देता येते. ती चांगल्या क्रमांकानं पार केली की पीएच.डी. करताना सरकारच दरमहा पैसे देतं. १ जानेवारी २०२३ पासून ही रक्कम पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये झाली. म्हणजे 'इतकं शिकवायला पैसा आणायचा कुठून' या शंकेला निदान शेवटच्या टप्प्यावर उत्तर आहे. हे पैसे वेळेवर हाती पडत नाहीत अशी तक्रार देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांनी वेळोवेळी केली आहे, आणि ती खरी आहे. ज्याच्या घरून मनीऑर्डर येऊ शकते तो तग धरतो, बाकीच्यांची ओढाताण होते. संशोधकांची संख्या वाढायला हवी असेल तर आधी ही पाठवणी वेळेवर व्हायला हवी असं मला वाटतं. असो.

गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. १९९८ साली स्थापन झालं. अंटार्क्टिकाची मोहीम दरवर्षी तेच पाठवतं. आजवर चाळीसहून अधिक मोहिमा झाल्या आहेत. देशभरातल्या संस्था तिथे करायच्या कामाचे प्रस्ताव पाठवतात. आपल्या महाराष्ट्रातलीच उदाहरणं घ्या. नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला संशोधक डिसेंबर २०२३ मध्ये थेट दुसऱ्या टोकाला, उत्तर ध्रुवाजवळ, 'हिमाद्री' केंद्रावर गेला. भारतानं तिथे हिवाळ्यात माणसं ठेवली ती पहिलीच खेप. प्रस्तावातल्या कामासाठी जो निवडला जातो त्याचा प्रवास, राहणं, जेवण आणि अंगावरचे ते फुगीर कपडे, सगळं मोहिमेकडून.

पण निवड झाली म्हणजे लगेच जहाजात बसायचं असं नाही बरं का! आधी कसून वैद्यकीय तपासणी. वर्षभर राहणार असाल तर मनाचीही तपासणी, कारण तिथे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही आणि तीच ती पंचवीसेक माणसं रोज समोर असतात. मग उत्तराखंडातल्या औली इथे प्रशिक्षण. तिथे बर्फाळ डोंगरात राहणारे जवान शिकवतात. दोराला दोर बांधून कसं चालायचं, वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखालची भेग कशी ओळखायची, कुणी आत पडलं तर ओढून कसं काढायचं. पुण्या-मुंबईत प्रयोगशाळेत वाढलेल्या पंचविशीतल्या मुलाला हे कोण शिकवणार?

हे सगळं कशासाठी, त्याचं उत्तर दुःखाचं आहे. जानेवारी १९९० मध्ये आपल्या नवव्या मोहिमेतले चार जण मुक्कामी असताना कार्बन मोनॉक्साइड वायूनं गेले. या वायूला रंग नाही, वास नाही. थंडीत दारं-खिडक्या बंद करून आत काही जळत ठेवलं तर तो साचतो. (आपल्याकडेही हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवू नये ते याचसाठी.) बर्फात एकाची चूक सगळ्यांना भोवते, म्हणून जुने लोक नव्यांना एकटं सोडत नाहीत. केंद्राबाहेर पडताना कुठे चाललो, कधी परत येणार, हे सांगूनच जायचं.

आणि एक गंमत सांगू? 'मैत्री' केंद्रावर स्वयंपाकघरात मदत करण्याची पाळी सगळ्यांवर येते. कितीही मोठा शास्त्रज्ञ असो, भांडी घासायला लागतात. तिथे शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर असतो, आचारी, मेकॅनिक, वेल्डर, क्रेन चालवणारा असतो. जनरेटर बंद पडला तर शास्त्रज्ञाची वही काय कामाची! हे मी वर्गात सांगितलं तेव्हा ती मुलगी चटकन म्हणाली, "म्हणजे आयटीआयवालेपण जातात?" जातात की.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. २००७-०८ हे 'आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष' होतं. त्या निमित्तानं जगभरच्या तरुण संशोधकांनी आपली स्वतःची संघटना काढली. लांबलचक इंग्रजी नावाची अद्याक्षरं जुळवून तिला 'एपेक्स' म्हणतात. ज्याचं संशोधन नुकतंच सुरू झालंय त्याला अनुभवी माणूस गाठून द्यायचा, पहिला लेख लिहायला मदत करायची, शिष्यवृत्ती कुठे आहे ते कळवायचं, असं तिचं काम. म्हणजे ज्यांची कुणाशी ओळख नाही त्यांनी एकमेकांची ओळख करून घेतली! पुढचं ध्रुवीय वर्ष २०३२-३३ मध्ये आहे. त्याची तयारी आत्तापासून चालू आहे. आज चौथीत असलेली मुलं तेव्हा बारावीच्या आसपास असतील.

तुम्ही म्हणाल, बाई, ते सगळं लांबचं झालं, आत्ता काय? सहावीच्या पुढच्या मुलांसाठी सरकारची 'इन्स्पायर मानक' नावाची योजना आहे. आपल्याला सुचलेली एखादी उपयोगी कल्पना शाळेमार्फत पाठवायची. निवड झाली तर ती करून बघायला १० हजार रुपये मिळतात. शाळेत विचारा. कुणी विचारत नाही म्हणून पुष्कळ शाळा पाठवतच नाहीत, हे मी शिक्षिका असून सांगते.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी त्या मुलीला पाचवीच्या वर्गातून बोलावलं आणि म्हटलं, माझं उत्तर चुकलं होतं. वशिला लागत नाही, पण माणसं लागतात. पुस्तक देणारं, फॉर्म भरायला सांगणारं, दोर धरणारं. तिनं ऐकून घेतलं. पटलं की नाही कोण जाणे.

मग मी तिला टपालाची बातमी दाखवली. अंटार्क्टिकावरच्या आपल्या 'भारती' केंद्रात ५ एप्रिल २०२४ ला टपाल कार्यालय सुरू झालं. त्याचा पिनकोड एमएच-१७१८. एमएच म्हणजे आपलाच महाराष्ट्र, कारण गोव्याचं टपाल महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं. तिथली पत्रं आधी गोव्याच्या केंद्रात जमा होतात, मोहिमेबरोबर जातात, तिकडे त्यांच्यावर शिक्का बसतो आणि ती परत येतात.

तिनं बातमी दोनदा वाचली. "पाकिटावर नाव कुणाचं घालायचं, बाई?"

"तुझंच. पत्ता पण तुझा."

दुसऱ्या दिवशी तिनं पाकीट आणलं. वर मराठीत नाव, खाली तेलुगूत, पत्ता पूर्व भागातला, आणि कोपऱ्यात निळ्या पेननं एक पेंग्विन. आता तिकीट कितीचं लावायचं ते पोस्टात विचारायला आम्ही दोघी शनिवारी जाणार आहोत.