पॉज बटण आहे, पण कुठं?

बातमीचं पान उघडताच व्हिडिओ आपोआप वाजू लागतो, अशी तक्रार केली की उत्तर तयार असतं. बातमी फुकट हवी तर जाहिरात सोसा. ब्राउझर आता आवाज अडवतोच. आणि इतकं करून त्रास झालाच, तर पॉज बटण आहे की! हे सांगणारे सगळे डोळस, हे वेगळं सांगायला नको.

शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यांचा जीव त्यातच अडकलाय. स्क्रीन रीडर वापरणारा पान कानानं वाचतो. एनव्हीडीए किंवा जॉजसारखं स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर त्याला एकेक मथळा, एकेक लिंक बोलून दाखवतं. नेमक्या त्याच स्पीकरमधून व्हिडिओतला निवेदक ओरडू लागतो. आता पॉज बटण शोधायचं म्हणजे टॅब दाबत जायचं आणि दर टप्प्याला स्क्रीन रीडर काय म्हणतो ते ऐकायचं. तेच तर ऐकू येत नाही! चाचपडत पोचलंच कोणी, तर कित्येकदा बटणांना नावंच दिलेली नसतात. कानावर पडतं नुसतं ‘बटन’, मग पुन्हा ‘बटन’. एक म्यूटचं, एक फुल स्क्रीनचं, एक जाहिरातदाराच्या दारात नेऊन सोडणारं. ओळखा पाहू! संगणकाचाच आवाज कमी करावा, तर निवेदकाबरोबर स्क्रीन रीडरचंही तोंड बंद. विहिरीत पडलेल्याला ‘दोर आहे की, तळाशी’ म्हणण्यातली ही माणुसकी.

ब्राउझर अडवतो? क्रोमनं २०१८ मध्ये आवाजी ऑटोप्लेला चाप लावला खरा. पण त्या साइटवर तुम्ही एकदा क्लिक केलंत, की चाप सैल होतो. मुखपृष्ठावरून बातमीवर जा, निवेदक हजर!

जाहिरात? दाखवा की. बोंबलायला कोणी सांगितलं?

साइट उघडताच पार्श्वसंगीत वाजायचं, तेव्हाही ‘लोकांना आवडतं’ असं ठासून सांगितलं जाई. ते संगीत गेलं. त्याच्या नावानं कोणी गळा काढल्याचं ऐकिवात नाही.

मग हवं काय? वेब सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी निकष २००८ पासून सांगताहेत: तीन सेकंदांहून जास्त आपोआप वाजणारा आवाज थांबवायची, नाहीतर संगणकाच्या आवाजाला हात न लावता तो कमी करायची सोय द्या. ही त्यांतली सर्वांत खालची पायरी. माझं मागणं आणखी साधं आहे. व्हिडिओ गप्प बसू द्या, प्ले बटणाला नाव द्या. व्हिडिओत दम असेल तर लोक ते दाबतील. तेवढा भरवसा स्वतःच्या बातमीवर नसेल, तर दुखणं संपादकाच्या टेबलावर आहे. त्याची शिक्षा वाचकाच्या कानाला नको.