एक ओटा तर घालायचा!

गेल्या शनिवारी शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले होते. त्यांना डिझेल जनरेटर बसवायचा आहे. हातात तीन कोटेशनं, सगळी जनरेटरची. प्रत्येकात तळाला बारीक अक्षरात एकच ओळ : फाउंडेशन सोसायटीने करून द्यावे. "त्यात काय एवढं, एक ओटा तर घालायचा," ते म्हणाले. मला हसू आलं, कारण हेच वाक्य मी स्वतः कमिटीच्या मीटिंगमध्ये म्हटलेलं आहे. त्याचा दंडही भरलेला आहे.

आठवत असेल, १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिडच कोलमडली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी उभ्या. कोविडचे दिवस. आमच्या सातव्या मजल्यावरच्या काकू घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होत्या. मशीन बंद, लिफ्ट बंद. आम्ही चौघांनी जिन्याने सिलिंडर वर चढवला. काकू निभावल्या. एरवी पार्किंगच्या पट्ट्यांवरूनही भांडणारी आमची सोसायटी, पण जनरेटरचा ठराव मात्र एकमताने पास झाला.

काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरचा, पण सोसायटीत इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर! मी एक्सेल शीट केली, हायड्रा शनिवारचा बुक केला आणि मिस्त्रींना सांगितलं, सोमवारी ओटा घाला. शुक्रवारी मिस्त्री म्हणाले, "साहेब, आठ-दहा दिवस पाणी मारू द्या, मग मशीन ठेवा." मी बूट आपटून बघितला. "मिस्त्री, चांगलं कडक झालंय की! हायड्राचे पैसे भरलेत." शनिवारी मशीन बसलं, पेढे वाटले.

पहिल्या मोठ्या पावसात ओट्याचा एक कोपरा दोन बोटं खचला. बोल्टभोवती तडे गेले. मशीन चालू केलं की खालचा ओटाच थरथरायचा. सर्व्हिसवाल्याने लेव्हल बघून सांगितलं, हे सरळ होईपर्यंत चालवू नका. म्हणजे ज्या पावसाळ्यात वीज सगळ्यात जास्त जाते, नेमका त्याच पावसाळ्यात काही लाखांचा जनरेटर ताडपत्रीखाली झाकून उभा. आणि काकू अजून सातव्या मजल्यावरच. जिन्यात त्यांचा मुलगा भेटला की मी नजर चुकवायचो.

तेव्हा कुठे मी गणित मांडलं. मशीन दीड टनाचं. ओटा तीन मीटर बाय दीड मीटर, जाडी ३० सेंटिमीटर. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो, म्हणजे ओट्याचंच वजन सव्वातीन टन. दोन्ही मिळून पावणेपाच टन, जागा साडेचार चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला जेमतेम एक टन. माणूस दोन पायांवर उभा राहिला तरी तळव्याखाली जमिनीवर याहून जास्त दाब पडतो! आमचा ओटा वजनाने मोडलाच नव्हता.

मग झालं काय? एक, त्या कोपऱ्याखालून जुन्या ड्रेनेजचा चर गेला होता आणि तो नुसती माती ढकलून बुजवला होता. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठावर मुरमाचा भराव टाकून उभा आहे. वरून सपाट दिसणारी जमीन खाली सगळीकडे सारखी असेलच असं नाही. अर्धा ओटा घट्ट जागेवर, अर्धा भुसभुशीत, मग तो तिरका होणारच.

दोन, माल पटकन पसरावा म्हणून घमेल्याने जास्तीचं पाणी ओतलं गेलं. पन्नास किलोच्या गोणीला साधारण पंचवीस लिटर पाणी हवं. ते पस्तीस झालं की ताकद तिसऱ्या हिश्श्याने तरी उतरते. डफ अब्राम्सने हा नियम १९१८ साली सांगून ठेवलाय.

तीन, आत नको तेवढं पाणी, आणि बाहेरून हवं तेव्हा मात्र बंद. काँक्रीट सुकून कडक होत नाही. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया चालू असते, म्हणून ते ओलं ठेवावं लागतं. आयएस ४५६ हे आपलं मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि दुकानात सर्रास मिळणाऱ्या पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस सांगतं. आम्ही पाचव्या दिवशी वर मशीन ठेवून पाणी मारणं थांबवलं, आणि त्याच कच्च्या काँक्रीटमध्ये कडेला ड्रिल मारून बोल्ट ठोकले.

"स्टील जास्त टाकलं असतं तर?" असं बरेच जण विचारतात. जाळी हवीच, खालून ५० मिलिमीटर कव्हर ठेवून. पण स्टील वाढवून खालचा पोकळ चर भरून निघत नाही.

दुसऱ्यांदा त्याच मिस्त्रींना बोलावलं. या वेळी मी गप्प बसलो. चर उकरून मुरूम थराथराने भरला, धुम्मसाने ठोकला, वर सोलिंग आणि पीसीसी. ओटा पावसाच्या तुंबणाऱ्या पाण्यापेक्षा वर. बिल्डिंगच्या प्लिंथपासून सुटा, म्हणजे थरथर भिंतीत जात नाही. वर गोणपाट, दहा दिवस पाणी. सोसायटीच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटची एक व्हिजिटही घेतली. खाली पाण्याची टाकी किंवा पार्किंगचा स्लॅब असेल तर ती घ्याच.

आता माझं मत. चूक मिस्त्रींची नव्हती, त्यांनी सांगितलं होतं. चूक तारखेची होती, आणि तारीख मी ठरवली होती. आमच्या धंद्यात शुक्रवारी रिलीज केलेलं सोमवारी पॅच करता येतं, त्यामुळे थांबण्याला आपण आळस समजतो. ओटा हा कोटेशनच्या तळातली ओळ नाही. त्याला वेगळं बजेट द्या, आणि हायड्राची तारीख काँक्रीट पडल्यानंतरच ठरवा, आधी नाही. मिस्त्री "थांबा" म्हणतात तेव्हा त्यात त्यांचा काही फायदा नसतो, हे तरी लक्षात घ्या.

असो. सेक्रेटरी साहेब चहा संपवून उठले. ओट्याची जागा आधी उकरून बघतो आणि हायड्रा पुढे ढकलतो म्हणालेत. बघू.