हलकी वीट

अक्काचा बडोद्याहून फोन आला तेव्हा मी इडलीचं पीठ वाटत होते. हालहवाल नेहमीसारखी झाली आणि मग ती हळूच म्हणाली, "अगं, एका कागदावर तुझी सही लागेल."

खानापूरच्या आमच्या शेताच्या उताऱ्यावर तीन नावं आहेत, अण्णाचं, अक्काचं आणि माझं. अक्काचा मुलगा बडोद्याला हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा कारखाना चालवतो. दोन वर्षं झाली. आता तो वाढवायचा आहे, बँक तारण मागते आहे, आणि तारण म्हणून अक्काच्या डोळ्यांसमोर आलं ते हेच शेत.

खानापूर तालुका कशासाठी प्रसिद्ध आहे ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या घराचंही पोट विटेवरच भरलं. दिवाळी झाली की माती काढायची, विटा थापायच्या, आणि वळवाच्या आधी शेवटची भट्टी उतरवायची. त्या मातीपायी आमची दोन शेतं शेजारच्या बांधापेक्षा पुरुषभर खाली गेली आहेत. पावसाळ्यात तिथं तळं साचतं. ज्या शेतात अजून कुदळ पडलेली नाही असं एकच उरलंय, आणि नेमकं तेच गहाण टाकायचं. तेही कशासाठी, तर विटेच्या पोटावर पाय देणाऱ्या धंद्यासाठी! अण्णा फोनवर एवढंच म्हणाला, "तू बघून ये. मी आलो तर भांडण होईल." आमचे हे कन्नड घरातले. त्यांनी नेहमीप्रमाणे चार शब्दांत निकाल दिला, "मोदल नोड्कोंड बा, आमेले सही."

गेले. मे महिना होता, तापमान ४३ अंश. बडोद्याला त्या दिवसांत जाणारी मी शहाणी!

भाचा कलाभवनात शिकलेला. सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या त्या कलाभवनातच आज विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्याचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तिच्यामागं मोठं थोरलं आवार. मला वाटलं होतं चिमणी असेल, आग असेल. यातलं काहीच नाही. राख, सिमेंट आणि पाणी मिक्सरमध्ये कालवतात. शेजारच्या यंत्रातून साबणासारखा पांढरा फेस येतो, तो त्यात मिसळतात आणि सगळं साच्यात ओततात. फेसाचे बुडबुडे आत तसेच राहतात, म्हणून ठोकळा हलका. दर घाण्याला एक पोरगा लिटरच्या भांड्यात ते कालवण घेऊन काट्यावर ठेवतो. किलोभराच्या आसपास आलं तर ठीक, जास्त भरलं तर फेस कमी पडला. अण्णा मातीचा गोळा मुठीत दाबून बघतो, त्याचीच मला आठवण झाली.

"मावशी, आमची राख वणाकबोरीची," भाचा म्हणाला. महीकाठचं ते मोठं औष्णिक वीजकेंद्र. कोळसा जळला की राखेचे डोंगर होतात. १९९९ साली केंद्र सरकारनं अधिसूचना काढून वीजकेंद्राच्या ५० किलोमीटर परिसरात विटांना ही राख वापरणं बंधनकारक केलं. पुढं ते अंतर १०० आणि २०१६ साली ३०० किलोमीटर झालं. म्हणजे आम्ही ज्यासाठी शेत खणतो, त्याची जागा इथं कचरा घेतो. हे मनाला लागलं, खोटं कशाला बोलू?

फुगवलेल्या काँक्रीटचे दोन प्रकार असतात, हेही तिथंच कळलं. दुसऱ्या प्रकारात अ‍ॅल्युमिनियमची चिमूटभर पूड घालतात. ती चुन्याशी झगडते, वायू सुटतो आणि पीठ इडलीसारखं फुगतं. मग तारेनं वड्या पाडून बंद टाकीत दाबाच्या वाफेवर दहा-बारा तास शिजवतात. अगदी इडलीच! हे स्वीडनमध्ये १९२०च्या दशकात निघालं. आपल्याकडं वाईजवळच्या पसरणीचे बी. जी. शिर्के यांनी ते स्वीडिश तंत्र पुण्याला मुंढव्यात आणलं, आणि तेव्हापासून पुण्याचे गवंडी कुणाच्याही ठोकळ्याला 'सिपोरेक्स'च म्हणतात. पण बॉयलर आणि वाफेच्या टाक्या म्हणजे कोटींचं काम. भाच्याचं लाखांत भागलं, कारण तो ठोकळा शिजवत नाही. नुसतं पाणी मारून वाट बघतो.

सगळी मेख या वाट बघण्यात आहे.

सिमेंटला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात. भाच्याच्या कारखान्यात दिवसाला २० घनमीटर माल निघतो, म्हणजे अकराशे ठोकळे. रविवार सोडून महिन्याचा हिशेब केला तर आवारात सत्तावीस हजारांवर ठोकळे नुसते पाणी पीत बसलेले. सिमेंटवाल्याला पैसे रोख, राखेच्या ट्रकचं भाडं रोख, आणि बिल्डर माल उचलल्यावर दोन-तीन महिन्यांनी चेक देणार. अण्णाचं गिऱ्हाईक आधी इसार देतं. इथं उलटं.

पहिल्याच वर्षी भाच्यानं घाई केली. हप्ता तोंडावर आला होता, म्हणून दहा दिवसांचा माल एका बंगल्याला दिला. दिवाळीपर्यंत भिंतींवर केसासारख्या भेगा. ठोकळा भिंतीत बसल्यावर सुकला, आकसला आणि गिलाव्याला घेऊन फाटला. त्यानं पदरचे पैसे घालून सगळा गिलावा काढून दिला. हे मला त्यानं नाही, अक्कानं सांगितलं, आणि सांगताना ती रडली. पण बोभाटा व्हायचा तो झालाच. लोक म्हणाले, हलका माल, दुसरं काय होणार?

या 'हलका' शब्दानंच घोटाळा केलाय बघा. मराठीत हलकं म्हणजे वजनानं कमी आणि प्रतीनंही कमी. गुजरातीत 'हलकुं'ची तीच गत. आपल्या कन्नडातला 'हगुर' तसा बरा, पण कुणाबद्दल हगुरवागि बोललं तर तोही टाकून बोलणंच. वीट किंवा इट्टिगे घ्यायला गेलेला माणूस दोन विटा एकमेकींवर वाजवतो, खणखणीत आवाज आला की खूश होतो. ठोकळ्यावर टकटक केलं तर 'धप्प' होतं. भाचा बिचारा प्रत्येकाला समजावतो, की नऊ विटांचं वजन होतं २९ किलो आणि तेवढ्याच मापाचा हा ठोकळा १६ किलोचा, त्यामुळं खालच्या खांबांवर, पायावर भार कमी, शिवाय उन्हाळ्यात खोली थंड. ऐकणारा मान डोलावतो आणि विटाच नेतो.

गवंड्यांचं म्हणणं मात्र मला पटलं. दाहोदकडचा एक मिस्त्री म्हणाला, वीट एका हातात मावते, दुसऱ्या हातात थापी. याला दोन्ही हात लागतात, मग थापी काय दातात धरू?

तीन दिवस राहिले. शेडपेक्षा आवारच जास्त बघितलं. आता प्रत्येक थप्पीवर खडूनं तारीख लिहिलेली असते, आणि २८ दिवस भरल्याशिवाय थप्पी हलत नाही. एक टेम्पो माझ्यादेखत रिकामा परत गेला. ठेकेदार फाटकात उभा राहून ओरडत होता, भाचा हात जोडून नाही म्हणत होता. अक्का स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती.

निघताना मी एक ठोकळा मागून घेतला. वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीतून आणला. हमालानं विचारलं, आजी, यात काय आहे? म्हटलं, शेत.

खानापूरला अण्णानं तो उलटासुलटा करून बघितला. नखानं खरवडला. वाजवला, तोंड वाकडं केलं. मग उचलून परसातल्या हौदात टाकला. तो बुडाला नाही. तरंगत राहिला. अण्णाची नातवंडं आरडाओरडा करत जमली, कुणी म्हणालं रामसेतूचा दगड! अण्णानं शेजारी आपली एक वीट सोडली. ती सरळ तळाला गेली आणि बुडबुडे सोडत बसली.

रात्री जेवून उठल्यावर तो पुन्हा बॅटरी घेऊन हौदावर गेला. ठोकळा तसाच होता.

"पोरानं टेम्पो परत पाठवला, हे तू डोळ्यांनी बघितलंस?" त्यानं विचारलं.

"बघितलं."

"मग निम्मंच शेत टाकू गहाण. निम्मं राहू दे," अण्णा म्हणाला. "आणि त्याला सांग, त्या मिस्त्रीला एका हातात मावेल असा ठोकळा काढ म्हणावं."

संमतीपत्र करायला आम्ही तिघंही सोमवारी जाणार आहोत. अक्का रविवारी येते आहे. ठोकळा अजून हौदातच आहे, अण्णा कुणाला हात लावू देत नाही.