अर्धशिशी आणि आम्ही पुरुष

आमच्या हिला अर्धशिशी आहे. उठली म्हणजे ही खिडक्यांचे पडदे ओढून, डोक्याला घट्ट फडके बांधून पडते आणि मग घरात भांड्याला भांडे लागता कामा नये. "पाहुणे यायचे म्हटले की हिचं डोकं बरं दुखतं!" असे मी एकदा आमच्या आक्काशी बोललो, आणि नेमके ते हिने आतून ऐकले. त्याला वर्षे झाली. पण ती बाकी अजून माझ्या नावावर आहे.

लहानपणी अर्धशिशी मुलामुलींना जवळजवळ सारखीच. मुली वयात आल्या की पारडे फिरते, आणि मोठेपणी एका पुरुषामागे तीन बायका असा हिशेब होतो. हे शरीराचे, की वळणाचे?

या प्रश्नावर हॉलंडमधली २००४ सालची एक पाहणी फार बोलकी आहे. जन्मतः मुलगे म्हणून नोंदल्या गेलेल्या, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या आणि त्यासाठी स्त्री-संप्रेरके घेणाऱ्या पन्नास जणींना विचारले, तर शेकडा २६ जणींना अर्धशिशी! तिथल्या इतर बायकांत हे प्रमाण शेकडा २५, पुरुषांत अवघे साडेसात. आता कोणी म्हणेल, त्या मुळातच मनाने स्त्रिया. मग संप्रेरकांचाच दोष कशावरून? शंका रास्त आहे. पण २००७ साली इटलीत दिसले, की संप्रेरके सुरू झाल्यावर अशा सुमारे एकतृतीयांश जणींना कुठले ना कुठले जुनाट दुखणे लागले. उलट, स्वतःला पुरुष मानून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांचे आधीपासूनचे दुखणे हलके झाले. सर्वांचे नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

आणि वळणाचे म्हणाल, तर १९९१ साली एक गंमत झाली. लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावून दुखणे विचारले. विचारणारी बाई असली की पुरुष मंडळी ते कमी करून सांगत! बायकांच्या सांगण्यात, समोर कोण आहे यावरून म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नाटकी कोण, ते ज्याने त्याने पाहावे.

हा मजकूर मी हिला वाचून दाखवला. सगळे शांतपणे ऐकून ही म्हणाली, "छान झालंय. आता वन्संनाही वाचून दाखवा."

आक्का भाऊबीजेला येते आहे.